दुसऱ्या परिच्छेदापासून

१ जुलै, मंगळवार

शेळी विकली! भर बाजारात विकली, पैसे खिशात घातले, घरी जाऊन पोटभर जेवला— आणि माझ्या बारावी ब नं काय लिहिलं? 'यावरून त्याचा प्रामाणिकपणा दिसून येतो.'

हसू की रडू!

पुस्तकातल्या पाठात तो माणूस सापडलेली शेळी मालकाला परत नेऊन देतो. चाचणीसाठी उतारा टाइप करताना मी मुद्दाम शेवट फिरवला. उतारा प्रश्नाच्या वरच छापलेला, डोळ्यांसमोर. तरी अख्ख्या वर्गानं गाइडमधलं पाठ केलेलं उत्तर उतरवून दिलं. वर बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

एकट्या पलकनं खाली लिहिलंय— 'मॅडम, उताऱ्यात छपाईची चूक झालेली दिसते. मी गाइडप्रमाणे लिहिले आहे.' पोरीनं निदान वाचलं तरी! एक मार्क जास्त दिला.

२ जुलै, बुधवार

स्टाफरूममध्ये शेळी गाजली. लिलाबाई शिपाई हसून हसून खाली बसल्या. प्राचार्य तोताराम सर मात्र हसले नाहीत. ते मूळचे मराठीचेच शिक्षक. 'मॅडम, मुलांची फसवणूक करू नये,' एवढंच म्हणाले. फसवणूक! मी केली की त्या गाइडनं?

डोकं तापलं ते तापलंच. वर्गात जाऊन जाहीर करून टाकलं— 'आप्पांची खोली' हा पाठ मी एका तासात शिकवणार नाही. दोन पानांचा पाठ आहे, दोन आठवडे घेईन. एकेक वाक्य वाचायचं, थांबायचं, विचारायचं. गाइड दप्तरात दिसलं तर जप्त!

'मॅडम, अभ्यासक्रम?' 'बघू.' 'मॅडम, बोर्ड?' 'बघू म्हटलं ना!'

बोलले तर खरी. आता निस्तरा, कोकिळाबाई.

७ जुलै, सोमवार

पाठाची सुरुवात झाली. इंजिनियर झालेला लेखक आई गेल्यावर आप्पांना, म्हणजे वडिलांना, गावाहून शहरात आणतो. पहिला परिच्छेद नुसता गोड. मागच्या अंगाला कडुलिंबाच्या सावलीत त्यांना खोली बांधून दिली, 'राजासारखे ठेवले' वगैरे. मी म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. वर्ग माझ्याकडे बघतो, मी वर्गाकडे. पंख्याचा आवाज तेवढा.

शेवटी मागून कुणीतरी— 'मॅडम, कडुलिंबाचे औषधी गुणधर्म सांगू का?'

सांग बाबा. काहीतरी बोल.

८ जुलै, मंगळवार

आज दीडच वाक्य. पण भांडण झालं! झकास.

१७ जुलै, गुरुवार

आजचा दिवस विसरणार नाही.

दुसरा परिच्छेद चालू होता. 'आप्पांना मोरीपर्यंत यायचा त्रास नको म्हणून मी त्यांच्या खोलीशी वेगळा नळ घेतला. त्यांना वेगळे दार केले. ताटही तिकडेच पोचते होई.' मी पुढे निघाले होते. तेवढ्यात आकाश उभा राहिला. भडगावकडचा, होस्टेलला असतो. एक महिना झाला, त्याचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता.

'मॅडम, नळ वेगळा कशाला? घरात नव्हता का?'

'अरे, त्यांना त्रास नको म्हणून. लिहिलंय ना लेखकानं.'

'लिहिलंय. पण त्रास कोणाला नको होता?'

वेगळा नळ, वेगळं दार, वेगळं ताट. हे शब्द आकाशला अडले, बाकी कुणाला अडले नाहीत. का अडले ते मला कळलं. त्याच्या शेजारच्या पोरालाही कळलं असावं, त्यानं मान खाली घातली. मी फक्त म्हटलं, पुन्हा वाच. मोठ्यानं वाच.

त्यानं वाचलं. आणि मग जे सुटले सगळे! पलक म्हणाली, 'मॅडम, सगळीकडे "आमचे घर" आहे आणि "त्यांची खोली" आहे. एकदाही उलटं नाही.' दुसरी म्हणाली, पाहुणे आल्यावर आप्पा खोकतात तेव्हा हा रेडिओ मोठा करतो— का? तिसरा म्हणाला, पूर्ण पाठात आप्पा एक शब्द बोलत नाहीत! मी पान चाळलं. खरंच की. एक शब्द नाही.

घंटा झाली तरी कुणी उठेना. सगळी पोरं बसलेली बघून लिलाबाई दारातूनच त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, 'काय जादू करी टाकी व बाई, बठ्ठा पोरे बठेल शेत!'

१८ जुलै, शुक्रवार

तर लेखकाला बापाची लाज वाटायची. स्वतःला सुद्धा ते सांगता येत नाही, म्हणून एवढं गोड लिहितो. आज हे पोरांनी फळ्यावर मांडलं, पुराव्यासकट. शेवटी आप्पा गावच्या जत्रेला जातात आणि परतच येत नाहीत, ते का, हेही.

इतकी वर्षं मी इथे 'पितृभक्ती' शिकवत आले. असो! आज मला फार आनंद झालाय. येताना रिक्षा सोडून पांझरा नदीच्या पुलावरून चालत आले. घरी सगळ्यांना शिरा केला. मगन, आमचे हे, म्हणाले, 'आज काय आहे?' म्हटलं, नळ. ते गुमान खाऊ लागले.

६ ऑगस्ट, बुधवार

पलकचे आजोबा आले होते, मिश्रीलालजी. कापडाचं दुकान आहे बाजारात. पांढरी टोपी, हातात छत्री, चेहरा गंभीर. मला वाटलं, आली तक्रार.

'मॅडम, तुम्ही काय शिकवता पोरीला? आमच्या घरात बोलायची पंचाईत झाली! कोणी "बघू" म्हटलं की ही विचारते, म्हणजे नाही ना? तिच्या भुवानं, म्हणजे आत्यानं, फोनवर "या की कधीतरी" म्हटलं, तर ही म्हणते, तारीख नाही दिली, म्हणजे यायला नको सांगितलं!'

मी माफी मागायच्या बेतात होते. तर म्हणाले, 'बरोबर सांगते ती. चाळीस वर्षं गिऱ्हाईक "फिरून येतो" म्हणतं, मी वाट बघत बसतो. त्या पाठाची एक झेरॉक्स मला पण द्या.'

दिली. चहा पाजून दिली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. सरांचं भाषण नेहमीसारखं लांबलं. त्यांचं 'किंबहुना' सुरू झालं की मागची रांग किती झाले ते बोटांवर मोजते. आज दोन्ही हात पुरले नाहीत. मी डोळे वटारले, पण मलाही हसू आवरेना.

९ सप्टेंबर, मंगळवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. घटक चाचणीत बारावी ब मागे. बाकीच्या तुकड्यांचे सहा पाठ झाले, आमचे तीन. शिवाय 'आप्पांची खोली'वर माझ्या पोरांनी भलतंच लिहिलं.

'भलतं कसं, सर? पाठात आहे ते.'

'मॅडम, उत्तर ठरलेलं आहे.' आणि डोळे मिटून धडाधड म्हणाले, '"प्रस्तुत पाठात लेखकाच्या पितृभक्तीचे हृद्य दर्शन घडते. किंबहुना असे म्हणणे वावगे ठरणार नाही की, ही खोली म्हणजे लेखकाच्या अंतःकरणाचाच एक कोपरा होय." काय वाईट आहे यात? भाषा बघा!'

गाइडमधलं उत्तर. स्वल्पविरामासकट पाठ! माणूस प्राचार्य झाला तरी इतका अभ्यास ठेवतो, मला नवल वाटलं.

मग मुद्द्यावर आले. सहामाहीचे मराठीचे पेपर ते स्वतः तपासणार. ब तुकडी मागे राहिली तर दिवाळीनंतर बारावी दुसऱ्या सरांकडे. मला अकरावी.

बाहेर आले ती चुकीच्याच वर्गात शिरले. रागानं! आणि भीतीनंही, इथे खोटं कशाला लिहू. हा वर्ग मला सोडायचा नाहीये.

१० सप्टेंबर, बुधवार

मगन म्हणतात, 'गाइडचं लिहू दे की. तुझं काय जातं?' माझं काय जातं! पण पोरांचे मार्क गेले तर ते माझ्या हट्टापायी जातील, हेही खरंच आहे. स्वयंपाकात लक्ष नव्हतं. वरणात मीठ दोनदा पडलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

केलं एकदाचं. वर्गात गाइड उघडलं आणि उत्तर लिहून दिलं. 'पाठ करा. परीक्षेत हेच लिहा. मार्क मिळतील.'

पेनांचा आवाज नुसता. संपल्यावर आकाशनं हात वर केला. 'मॅडम, हे पण सावकाश वाचायचं का?'

टोमणा होता की प्रश्न होता, काही कळेना. चिडून म्हटलं, 'वाचा! हवं तितकं सावकाश वाचा!' आणि निघून आले.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

१५ सप्टेंबर, सोमवार

वाचलं की कार्ट्यांनी!

वर्गात गेले तर फळ्यावर गाइडचं उत्तर, वाक्यावाक्याखाली रेघा. मधल्या सुट्टीत बसून केलेलं. पलक खडू घेऊन उभी.

'मॅडम, या उत्तरात खोली आहे, कडुलिंब आहे, राजासारखं ठेवणं आहे. नळ नाही. ताट नाही. रेडिओ नाही. आप्पा परत गेले तेही नाही. म्हणजे उत्तर लिहिणाऱ्यानं फक्त पहिला परिच्छेद वाचलाय!'

इतकं साधं! पहिल्या परिच्छेदापुरतं ते उत्तर बरोबर आहे, अगदी चोख बरोबर आहे. पुढे तो माणूस गेलाच नाही.

'आणि मॅडम,' आकाश म्हणाला, 'तो कोण आहे तेही आम्हाला कळलंय.'

'गाइडवर तर "अनुभवी प्राध्यापक" एवढंच छापलंय.'

सगळा वर्ग खुसुखुसू हसायला लागला. 'पानातच आहे, मॅडम. तुम्ही सावकाश वाचा.'

मला म्हणतात, सावकाश वाचा! घरी येऊन वाचलं. काही सापडलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळची प्रार्थना संपली. सर स्वच्छतेवर बोलायला उभे राहिले. मी रांगेच्या मागे, पर्समध्ये चष्मा शोधत होते.

'विद्यार्थी मित्रहो, किंबहुना असे म्हणणे वावगे ठरणार नाही की, आपली वर्गखोली म्हणजे आपल्या अंतःकरणाचाच एक कोपरा होय.'

बारावी ब ची सगळीच्या सगळी रांग मागे वळली आणि माझ्याकडे बघायला लागली.

चष्मा खाली पडला माझा!

अरे देवा. पंचवीस वर्षं नोकरी केली या माणसाबरोबर. रोज तेच ऐकलं, तेच गाइड वर्गात शिव्या देत उघडलं, आणि मला कळलं नाही!

तासाला गेले, दार लावून घेतलं. म्हटलं, यातला एक शब्द बाहेर जाता कामा नये. चिडवायचं नाही, बोटं मोजायची नाहीत, स्टेटस ठेवायचं नाही. त्यांनीही ते गाइड कधीतरी घाईत लिहिलं असेल, एका बैठकीत सगळं पुस्तक संपवलं असेल. पलक म्हणाली, 'मग परीक्षेत काय लिहायचं?'

'तुम्हाला काय दिसतंय?'

'जे आहे ते.'

'मग ते लिहा. मार्कांचं मी बघते.' काय बघणार आहे, देव जाणे! पण बोलल्यावर इतकं हलकं वाटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

मराठीचा पेपर झाला. 'आप्पांची खोली'वर प्रश्न होताच. आकाशला व्हरांड्यात गाठून विचारलं, काय लिहिलंस?

'लिहिलं की, गाइडमधलं उत्तर पहिल्या परिच्छेदापुरतं बरोबर आहे. आणि मग पुढचं लिहिलं, नळापासून.'

'अरे, गाइडचं नाव कशाला घेतलंस!'

'मग? त्यांचं बरोबर आहे तेवढं बरोबर म्हणायला नको का?'

मी आपली मान हलवली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पेपर सरांकडेच. आठवडा झाला, सर माझ्याशी बोलत नाहीत. व्हरांड्यात समोर आले की घड्याळ बघतात. आज नोटीस बोर्डावर दिवाळीनंतरचं वेळापत्रक लागायचं होतं, लागलं नाही. लिलाबाई म्हणाल्या, सर शनिवारी दुपारभर केबिन लावून बसले होते, चहा पण परत पाठवला.

गेली बारावी. जाऊ दे. पोरांना वाचता येतंय आता, ते काही कुणी काढून घेत नाही. अकरावीला शेळीपासून सुरू करीन. (डोळे पुसून लिहितेय, पण हेही खरंय.)

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बारावी ब. हजेरी घेऊन मान वर केली तर शेवटच्या बाकावर तोताराम सर! आकाशच्या शेजारी, अंग चोरून. पुढ्यात पाठ्यपुस्तक. सगळा वर्ग उभा राहिला, त्यांनी हातानंच बसवलं.

मी विचारलं, 'सर, तपासणी आहे का?'

'नाही, नाही. तुम्ही घ्या.' पुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवलं. 'फक्त दुसऱ्या परिच्छेदापासून घ्याल का, मॅडम? पहिला माझा वाचून झालाय.'