फायदा कुणाला झाला

प्रिय नेफ्ताली,

प्रिय लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू? तू नंबर बदललास आणि मला, तुझ्या आईलाही, दिला नाहीस. म्हणून कागद घेऊन बसलेय. योस्कार म्हणाला, लिहा तुम्ही, माझी आई सांतियागोलाच असते, ती तुझ्या मैदानावर येऊन हातात देईल. तिच्यासमोर तरी फाडू नकोस. भली बाई आहे.

तोलेंतीनोच्या दुकानात अजून तुमच्या अदलाबदलीचीच चर्चा चालते. सांतियागोच्या पिवळ्यांनी आपल्या हिरव्यांचा नेफ्ताली नेला आणि बदल्यात हा डावखुरा योस्कार दिला, तर फायदा कुणाला झाला? डॉमिनो मांडलेला असतो, पण खेळतं कोण! एक म्हणतो, असा फटका मारणारा गडी गावाबाहेर घालवणाऱ्यांना अक्कल नाही. दुसरा म्हणतो, असा चेंडू फेकणारा पिचर बेसबॉलमध्ये दहा वर्षांत मिळत नाही. तोलेंतीनो वाद घालता घालता कुणालाही जास्तीचे तांदूळ मोजतो. मी दुकानात शिरले की सगळे डॉमिनोच्या सोंगट्या हलवू लागतात. परवा त्यानं हळूच विचारलंच, एदू, तुझं काय मत? मी म्हटलं, माझं मत पिशवीत मावणार नाही, तू तांदूळ घाल.

तुझ्या मनात काय सलतंय ते मला ठाऊक आहे. अदलाबदल झाली त्या दुपारी बाबांनी रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमाला फोन लावला. निवेदकानं विचारलं, क्रिस्पीन, तुम्ही तर बाप, खरं सांगा, फायदा कुणाला? आणि हा माणूस म्हणाला, ‘आपल्या संघाला.’ अख्ख्या गावानं ऐकलं. तू नव्या संघाच्या बसमध्ये ऐकलंस, सगळे हसले म्हणालास. मला फोन करून म्हणालास, बाबांना सांग, तुम्हाला आता मुलगा नाही. तो तुझा शेवटचा फोन.

मी काय कमी भांडले असेन? किती दिवस त्यांच्यापुढं थंडगार उकडलेली केळी आदळत होते. पण तू त्यांना ओळखतोस. साखर कारखान्यात जन्मभर काट्यावर ऊस तोलला. सख्ख्या भावाची गाडी कमी भरली तर कमीच लिहिली, त्या भावानं मरेपर्यंत तोंड पाहिलं नाही. तुझ्या गुडघ्यावर रोज बर्फ बांधणारे तेच होते. तो किती दिवस टिकेल हे त्यांना माहीत होतं. कुणी विचारलं की ते तोलायचे आणि काटा दाखवील ते सांगायचे. दुसरं येतच नव्हतं त्यांना.

क्लबनं योस्कारसाठी खोली शोधायला सांगितली, तर बाबांनी त्याला तुझ्याच खोलीत आणून बसवलं. मी म्हटलं, लाज नाही वाटत? तर म्हणाले, ‘आपल्या पोराला तिकडं कुणीतरी वाढत असेल ना, एदू? मग याला आपण वाढायला नको?’ मी ताट वाढलं. पोरगं गुणी आहे रे. तुझ्या खुर्चीवर एकदाही बसलं नाही, उंबऱ्यात ताट घेऊन जेवतं.

मग तुमचा सामना इथं आपल्या मैदानावर झाला. तू फलंदाजीला आलास आणि सगळ्या गावानं तुझी हुर्यो उडवली. ज्यांना तू लहानपणी काका म्हणायचास त्यांनीसुद्धा. बाबा त्या दिवशी आपल्या हिरव्यांत बसलेच नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांच्या बाजूचं तिकीट काढलं, तुमच्या बाकाच्या अगदी वर. तू बाद होऊन परत आलास तेव्हा ते टोपी काढून उभे होते. तू खाली मान घालून आत गेलास. वर बघितलं असतंस तर बरं झालं असतं.

त्यानंतर आठवड्याभरात बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलता सोलता बसल्या जागी गेले. मांडीवरचं पातेलं कलंडलंसुद्धा नाही.

अंत्यविधीच्या दिवशी तुझा सामना होता, मान्य. हार आला तुझा, पिवळ्या फितीचा, क्लबचं नाव छापलेला. मी तो उचलून कोंबड्यांच्या खुराड्यावर फेकला. मग माझी मीच गेले आणि उचलून आणला, फीत पुसली, फोटोजवळ ठेवला. शवपेटी उचलायला तिघे पुढं झाले. चौथी बाजू मुलाची, म्हणून कुणी हात लावेना. शेवटी योस्कारनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तुझ्या जागी त्यानं खांदा दिला, नेफ्ताली. जन्मात विसरणार नाही मी ते, आणि तू नव्हतास हेही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्या दुपारी बाबा एकच वाक्य बोलले नव्हते. ‘आपल्या संघाला’ म्हणाल्याबरोबर निवेदक हसला आणि त्यानं फोन तोडला. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर साबणाची जाहिरात लागली. बाबांना पत्ताच नाही, ते फोन कानाला लावून बोलतच राहिले. मी शेजारी उभी होते. ते म्हणाले, ‘संघाला फायदा झाला, पण असला फायदा मला नको. माझा मुलगा मला परत द्या, मग प्रत्येक सामना हरलो तरी चालेल.’ क्रिस्पीन म्हणाला हे, जो हिरवे हरले की जेवत नसे. मग मला विचारलं, गेलं ना गं रेडिओवर? मी म्हटलं, नाही गेलं. फोन खाली ठेवला. म्हणाले, राहू दे, त्याला समोरासमोर सांगीन. तुला सांगायचं मी मनात आणलं, तर मला शपथ घातली, माझं मीच सांगणार म्हणून. ते तिकीट त्यासाठीच काढलं होतं. शपथ घालणारा गेला, म्हणून आज मी सांगतेय. त्यांना जाऊन रविवारी नववा दिवस, नऊ दिवसांच्या प्रार्थनेतली शेवटची प्रार्थना. योस्कारनं आपली गादी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलीय, तुझी खोली झाडून ठेवलीय. हिरवी टोपी नसली तरी चालेल, पिवळी घालून ये. फक्त ये.

कुठल्याही संघात गेलास तरी तुझीच,
आई