आप्पांनी मागितलेला एक शब्द

खालापूर,
२९ एप्रिल १९८४

प्रिय सहदेव,

'प्रिय' लिहावं की नाही यावर बराच वेळ घालवला. शेवटी लिहिलं, कारण नुसतं 'सहदेव' लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, मी अजून रागावलेय. रागावलेय हे खरंच आहे, पण ते तुला पहिल्याच ओळीत कळायला नको.

या महिन्यात आपला माणूस अवकाशात जाऊन आला. खालापुरात टीव्ही मोजकेच, त्यामुळे बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोर सगळे उभे होते. मीही भाताची गिरणी बंद करून गेले, अंगावरचा कोंडा झटकायलाही थांबले नाही. पडद्यावर तो माणूस हसला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला तू आठवलास. तू त्रिवेंद्रमला अग्निबाणांच्या कामावर आहेस हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. शेजारची मोरूची आई मात्र मला कोपराने ढोसून म्हणाली, "बगा गं, आमची स्कायलॅबवाली पन आली बगायला." खालापुरात माझं नाव तेच आहे. हौसाने तुला ते सांगितलं नसेल. तुझी बहीण तुझं मन फार जपते.

एकोणऐंशीच्या आषाढातले ते दिवस तुलाही आठवत असतील, पण तू त्यातले दोनच पाहिलेस. अमेरिकेची स्कायलॅब नावाची प्रयोगशाळा आकाशातून खाली येतेय, कुठे पडेल ते अमेरिकेलाही ठाऊक नाही, असं रेडिओवर आलं आणि आपल्या गावाने हाय खाल्ली. ऐन लावणी. उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधावर पिवळ्या पडत होत्या आणि शेतात कोणी उतरेना. मरायचंच तर चिखलात कशाला, म्हणून लोकांनी गटारी पंधरा दिवस आधीच उरकून घेतली. अंड्यांवर बसलेल्या कोंबड्यासुद्धा सोडल्या नाहीत. माझी आई तर जपून ठेवलेलं नवं लुगडं नेसून चुलीपुढे बसली होती.

त्यात तू रजेवर आलास. गावाला वाटलं, आता खरं काय ते कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे मारुतीच्या देवळात जमले. तू देवापुढचा नारळ उचललास, ही पृथ्वी म्हणालास, आणि त्याभोवती सुतळी फिरवून ती प्रयोगशाळा कशी घिरट्या घालतेय ते दाखवलंस. छान समजावलंस. मी खांबाआड बसून ऐकत होते आणि मला तुझा इतका अभिमान वाटत होता की आता त्याची लाज वाटते. मग आमचे आप्पा उठले. डोक्यावरचं इरलं काढून त्यांनी हातात धरलं होतं, त्यातून पाणी गळत होतं. म्हणाले, "सहदेवा, आमाला ते नारळाचं काय कळत नाय रं. आपल्यावर पडंल का नाय पडनार, येक शबूद सांग."

तू म्हणालास, शक्यता नगण्य आहे, पण शून्य आहे असं शास्त्र सांगू शकत नाही. तुझ्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरच असेल. गावाने त्यातलं एवढंच उचललं की सरकारी रॉकेटवाला सहदेवपण 'नाय पडनार' म्हनला नाय. तोवर निम्मं गाव तरी बिचकत होतं. तू बोललास आणि त्या संध्याकाळी आमचा बोकडही गेला.

देवळाबाहेर आप्पांनी तुला गाठलं, तेही मी पाहिलं. तुझंमाझं त्यांना ठाऊक होतं, कधी बोलले नव्हते एवढंच. कुवार पोरीला मेल्यावर गती मिळत नाही, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. "तुज्या मनात आसंल तर उद्याच दोन हार घालू," ते म्हणाले. तू काठीने चपलेचा चिखल काढत राहिलास. म्हणालास, नोकरी अजून कायम नाही, ऑगस्टात अग्निबाण उडायचाय, आत्ताच नक्की काही सांगता येत नाही. म्हणजे आप्पांनी तुला दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींना तुझं उत्तर एकच आलं. दुपारच्या गाडीने तू कर्जतहून निघून गेलास.

तिसऱ्या दिवशी माझं लग्न लागलं. एकादशी होऊन गेलेली, देव झोपलेले, भटजींनी हात जोडले. आप्पांनी मारुतीसमोरच हार घालायला लावले. नवरा खालापूरचा गिरणीवाला, बिजवर, त्याची मुलगी माझ्याहून चार वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. जग बुडताना एकट्याने मरायचं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून त्याने होकार दिला. माझ्या अंगावरची हळद उतरायच्या आत रेडिओवर बातमी आली, स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे पडली, कोणालाही इजा नाही. कोणालाही इजा नाही, असं ती बाई दोनदा म्हणाली. ऑगस्टात तुमचा अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला, ते पेपरात वाचून मी पोटभर हसले आणि मग न्हाणीत जाऊन रडले. पुढच्या वर्षी तो नीट वर गेला, तेव्हा मात्र काहीच वाटलं नाही.

आप्पा मरेपर्यंत माझ्या नजरेला नजर देऊन बोलले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कोणीतरी 'नाही पडणार' एवढंच म्हणायला हवं होतं. आणि पडलीच असती, तर तू खोटं बोललास म्हणायला मागे उरलं कोण असतं? एवढा साधा हिशोब तुला जमला नाही.

परवा हौसा आली होती. यजमान गेल्या दिवाळीत छातीच्या दुखण्याने गेले, हे तुला कळलंय. तू अजून एकटाच आहेस, हे मला कळलं. तिने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि उठताना तुझा निरोप सांगितला, की मोतीच्या मनात काय आहे ते बघून ये, म्हणजे मला ठरवता येईल. पाच वर्षं झाली, सहदेव, आणि अजून तुला आधी शक्यता काढून हव्यात. हौसाकडे मी काहीच बोलले नाही. तिच्या तोंडून ऐकलं असतंस तर त्याचा तुला हवा तसा अर्थ लावला असतास, म्हणून स्वतः लिहायला बसले. मन अजून आहे का म्हणशील, तर आहे. या महिन्यात त्या दुकानातल्या पडद्यासमोर उभी असताना ते मला कळलं. तरीही त्या दिवशी देवळात आप्पांनी तुझ्याकडे जो एक शब्द मागितला होता, तो आज मी तुला देते. नाही.

त्या आषाढापर्यंत तुझीच,
मोती