मावशीच्या पेशी

रविवार, ९ तारीख

ताई,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? दाजींचे नवे दात बसले का, की अजून खिशातच घेऊन हिंडतात?

तुझे फोन दिसतात मला. वॉर्डात बोलायला आडोसा नाही, असं सगळ्यांना सांगते. तुलाही तेच सांगणार होते.

बातमी चांगली आहे. ठमीच्या पाठीच्या मणक्यातून तपासायला काढलेल्या पाण्यात विषाणू आता जवळजवळ सापडतच नाही. डॉक्टरीणबाई स्वतः रिपोर्ट घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्या ताईंना कळवा, त्यांच्या पेशींनी काम केलं." म्हणून कळवते.

तू दोन्ही हात ताठ धरून रक्तातल्या पेशी काढून घेणाऱ्या त्या यंत्रापाशी बसलीस, तेव्हा तुला नीट काही सांगता आलं नव्हतं. बोनमॅरो बदलल्यावर ठमीच्या अंगात लढायला कुणी उरलंच नव्हतं, आणि नेमका तेव्हाच तो विषाणू मेंदूत शिरला. त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. तुला तो कधीतरी नकळत होऊन गेलेला, त्यामुळे तुझ्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढायला शिकलेल्या. त्या निवडून, लॅबमध्ये वाढवून तिला दिल्या. एवढीशी सिरिंज, त्यात गढूळ पाणी. खोलीभर लसणीसारखा वास सुटला. सिस्टर म्हणाली, पेशी गोठवताना जे घालतात त्याचा. मी म्हटलं, "नाही हो, ताई माझी आहेच तिखट." तेवढंच हसले मी त्या आठवड्यात.

मग ताप चढला. तुझ्या पेशी लढायला लागल्या आणि मेंदूला सूज आली. सूज उतरवायचं औषध जास्त दिलं तर पेशी मरणार, नाही दिलं तर पोर हातची जाणार. डॉक्टरीणबाई थोडं थोडं देत राहिल्या. घरी जायच्या वेळीही घरी गेल्या नाहीत.

आता ती उठून बसते. पेज पिते. चमचा स्वतः धरते.

ताई, ती मला ओळखत नाही.

परवा मी तिचे पाय चोळत होते, तर सिस्टरला हळूच विचारते, "या बाई रोज का येतात?" मी सांगितलं, "मी तुझी आई." तर म्हणाली, "बरं." शहाण्या मुलीसारखी. रोज सांगते, रोज "बरं" म्हणते.

ओळख परत येईल का, विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येऊ शकते. लहान मुलांचा मेंदू चिवट असतो. पण शब्द देणार नाही मी." हे तुझ्या पेशींमुळे झालेलं नाही. त्या पोचायच्या आधीच विषाणूनं तेवढा भाग खाल्ला होता. हे मी दोनदा विचारून घेतलंय, तुझ्यासाठी. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागली असती. तेवढा दम नाही उरला.

सगळे अभिनंदन करतात. पोर वाचली, खरंच आहे ते. मी हसते. संध्याकाळपर्यंत गाल दुखायला लागतात.

जमेल तेव्हा ये. ठमीसाठी नको, तिला सध्या सगळेच परके. माझ्यासाठी ये. मला आधीपासून ओळखणारं कुणीतरी या खोलीत हवंय.

तुझी,
छोटी
(या नावानं इथे मला कुणीच हाक मारत नाही.)