साठ ग्रॅम

५ मार्च, गुरुवार

आज ताईच्या घरी मुक्काम हलवला. वजन उतरवायच्या ऑपरेशनला सहा दिवस झाले. डॉक्टरांनी माझ्या पोटाचा मोठा भाग कापून काढला आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी करून ठेवली. आता महिनाभर नुसतं पातळ. माझी खोली शिलाईच्या दुकानावर, जिना चढायला बंदी, म्हणून ताईने फर्मानच काढलं की गुपचूप इकडे ये.

खोली झकास आहे. खिडकीतून ऊन येतं, टेकायला दोन उशा आहेत, आणि भिंतीवर ताईने तक्ता चिकटवलाय: वेळ, घोट, ग्रॅम. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलंय की दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. मी हसलो. आजवर मी काय काय रिचवलंय हे त्या बाईंना कुठे ठाऊक?

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलं उचलून हात असे कमावलेत की मला अजून उचलून बसवते. दंडाचा घेर साडेतेरा इंच. तिचे कपडे मीच शिवतो, त्यामुळे मापं तोंडपाठ.

८ मार्च, रविवार

वैताग आहे नुसता. प्रोटीन पावडरीच्या डब्यावर व्हॅनिला लिहिलंय, पण वास ओल्या चुन्याचा. गरम दुधात टाकली की पावडरीच्या गुठळ्या होतात, गार दुधात टाकली की फेस येतो. औषधाच्या टोपणाएवढा कप संपवायला पंधरा मिनिटं लागतात. जरा घाई केली की छातीत खुंटी ठोकल्यासारखं दुखतं. सकाळपासून पितोय आणि हिशेब एक्केचाळीस ग्रॅम. ताई गाळलेल्या सुपातही पावडर घालते आणि वर मला सांगते की चव लागतच नाही. तिला काय जातंय सांगायला.

१२ मार्च, गुरुवार

साठ पूर्ण! सलग तिसरा दिवस. ताईने तक्त्यावर लाल फुली मारली.

पण एक खटकलं. बसल्या बसल्या टेप लावली तर पोटाचा घेर होता तेवढाच आहे, आणि पोटरी मात्र दीड इंचाने उतरलीय. चरबी काय पायातून जाते?

१६ मार्च, सोमवार

डोकं फिरलंय. रक्ताचा अहवाल आला, प्रोटीन कमी. कमी म्हणजे फारच कमी. आहारतज्ज्ञ बाई फोनवर सरळ म्हणाल्या की तुम्ही तक्त्यात खोटं लिहिताय. मी काय शाळकरी पोरगा आहे? ताईने फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं की एकेक घोट माझ्या डोळ्यांदेखत जातो. तरी बाईंचं आपलं तेच. वर सल्ला दिला की जास्त प्या. कुठे ओतू?

खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. साठ ग्रॅम जातात कुठे?

१७ मार्च, मंगळवार

ताईने आता कारभार हातात घेतला. एका हातात चमचा, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून बसली. म्हणाली, बघतेच कसं अंगी लागत नाही ते. पहिल्याच चमच्याला टाक्यांपाशी ऊब आली. पूर्वी भरपेट जेवल्यावर यायची तशी. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

२१ मार्च, शनिवार

पोटरी एक इंच भरली. रक्त एकदम ठणठणीत. बाईंनी अभिनंदन केलं आणि वर ऐकवलं की प्रामाणिकपणे प्यायलं की असं होतं. चीड आली, पण गिळली. ताई मात्र अशी खूष, जणू तीच परीक्षेत पास झालीय.

२३ मार्च, सोमवार

ताईची बाही सैल होतेय. मी शिवलेली बाही सैल होत नाही. तिला न विचारता दंडाला टेप लावली.

बारा.

२४ मार्च, मंगळवार

पुन्हा मोजलं. काल दुपारपासून तिचा दंड अर्धा इंच उतरला. माझी पोटरी अर्धा इंच वाढली. दोऱ्याएवढाही फरक नाही.

ताईला सांगितलं की तू माझं मनगट धरायला लागल्यापासून हे चाललंय. ती म्हणाली, वय झालं माझं, आणि तुला पडून पडून भलतंसलतं सुचतंय. मी म्हणालो, मला हात लावायचा नाही, मी माझं पितो. तिला लागलं. कप ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसली.

२५ मार्च, बुधवार

दाराला कडी. एकट्याने प्यायलो. साठ. मग आणखी वीस. काही उपयोग नाही. संध्याकाळपर्यंत पोटरी दोन इंच उतरली. पोट तसंच. आतून ओढल्यासारखं होतंय.

पायात उभं राहायचं बळ नाही. ती दाराबाहेरून विचारते, किती झाले. मी सांगतो, पुष्कळ.

२६ मार्च, गुरुवार

न्हाणीघरात पडलो. ताईने दार तोडलं, मला उचललं. दुपारभर छातीशी धरून बसली, चमच्याने पाजत. मी नको म्हणत होतो. म्हणत होतो ना? आठवत नाही.

जाग आली तेव्हा एकदम ताजातवाना. खिडकीपर्यंत चालत गेलो. ताई पलंगावरच. तिला उठता येईना.

दंड — नऊ.

देवा, ही माझी ताई आहे.

२७ मार्च, शुक्रवार

हॉस्पिटलला फोन केला. म्हणाले, सेवा करणारी माणसं थकतातच, तपासायला घेऊन या. माझं वजन विचारलं. खूष झाले.

पिशवी भरली. शेजारणीला हाक मारून सांगितलं, ताईला बघा. मी इथून गेलो की तिचं अंग भरून येईल. आलंच पाहिजे.

निघताना फक्त एकदा पाया पडायला गेलो. तिने हात धरला —

नंतर

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं. वाटलं ती सोडत नाहीये. झटकायला गेलो, तर तिची बोटं केव्हाच सैल पडलेली. मनगट मीच धरलंय. उजव्या हाताने. सुटत नाही. बोटं उचलतोय, एकेक — परत मिटतात —

ऊब येतेय. छान वाटतंय. छान वाटायला नको —

शेजारीण दार वाजवतेय. उठून उघडायचं तर ताई ओढली जाते — हलकी झालीय —

ताई विचारते, पोट भरलं का रे. भरलं, ताई, भरलं म्हणून सांगतोय तिला, पण हात अजून