मानेनं दिलेलं उत्तर

येलित्सा,

उठलीस की आधी खिडकी उघड. दही झाकून ठेवलंय, काकडी आपल्या वाफ्यातली आहे. उभ्या उभ्या खाऊ नकोस, अंगणात उन्हाला बसून खा. मी वाचनालयात चालले आहे. चार वाजता सगळ्या गावासमोर एक पान वाचायचं आहे आणि वर्गाच्या बाईंनी त्यासाठी मलाच निवडलंय. ही चिठ्ठीही मीच लिहिली, शेजारणीनं नाही. सत्तराव्या वर्षी शिकलेली अक्षरं आहेत, थोडी वाकडी असायचीच.

ओट्यावरची चीज भरून भट्टीत भाजलेली बनित्सा डोब्रिंकाकाकूनं आणली. काल तिनं खिडकीशी येऊन विचारलं, "बरी आहेस ना गं?" आणि तू जर्मन लोकांसारखी मान खाली-वर हलवलीस. वीस वर्षं जर्मनीत राहून विसरलीस? आपल्या बल्गेरियात त्याचा अर्थ 'नाही'! ती रडत माझ्याकडे आली. मी हसून म्हटलं, "वेडे, पोर 'हो' म्हणाली." तर म्हणते, "मग घरी येऊन नऊ दिवस झाले, दाराबाहेर का पडली नाही?"

नवऱ्याशी काय बिनसलं, ते मी विचारणार नाही. पण कोंडून घेतल्यानं मन हलकं होत नाही. चार माणसांत बसलं, 'कसे आहात' म्हटलं, तरी बरं वाटतं. तुझे बाबा गेल्यावर मी तेच केलं, अक्षरांच्या वर्गात जाऊन बसले.

पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवते. माझी मुलगी ऐकायला येणार, असं मी गावभर सांगून बसले आहे. मला खोटी पाडू नकोस.

तुझी आई