मागं घेतलेला पॅड

सोलापूर,
२० जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. तिळाच्या वड्या पोचल्या आणि संपल्यासुद्धा. उसाचं गाळप जोरात असेल, दाजींना कारखान्यात उसंत नसणार. फोन केला की तू स्पीकर लावतेस आणि दाजी मागून हसतात, म्हणून हे कागदावर. कॉलेजचं विचारलंयस, ते पुढं लिहितो.

आधी क्लासचं. सात रस्त्याजवळच्या आमच्या कराटे क्लासात सकाळी सहाला दोरी, मग दोनशे बैठका, मग भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. मांड्या पेटतात. मला हे लई आवडतं, कारण तेवढा वेळ डोक्यात कुणाशी भांडण चालू नसतं. पण खरी मजा शंभर लाथांची. एकानं छातीशी जाड पॅड धरायचा, दुसऱ्यानं मारायचं. आमचे एजाज सर जपानीत मोजतात, सत्त्याण्णववर थांबतात, दारातल्या वाकड्या चपलांवरून कुणाला तरी झापतात, आणि पुन्हा एकपासून!

डिसेंबरात लढतीत सरांनी थांबवल्यावरही मी समोरच्या आदिनाथला एक ठेवून दिली. सर ओरडले नाहीत. म्हणाले, "गुस्सा हितं नक्को रे. आता महिनाभर तू मारायचं नाय. फक्त पॅड धरायचा." कुणासाठी, तर पायलसाठी. नवी पेठेत तिच्या वडिलांचं साड्यांचं दुकान आहे. शिक्षा म्हणून मी तोंड पाडून उभा राहिलो, पण मनातून सरांचे पाय धरावेसे वाटत होते. हसू नकोस.

तिचा घोटा मुरगळून नुकताच बरा झाला होता. लाथ येताना पॅड जरा पुढं द्यायचा असतो, म्हणजे मारणाऱ्याला खरा धक्का कळतो. मी गुपचूप मागं घ्यायचो, तिला लागू नये म्हणून. महिनाभर! तिला वाटायचं, आपली लाथ काय बसतेय!

पाच तारखेला बेल्टची परीक्षा झाली. परीक्षक बाहेरचे. त्यांनी पॅड भिंतीसारखा धरला. पायलनं लाथ मारली आणि तीच मागं आपटली. नापास. सगळे म्हणाले, घाबरली. खरं कारण मला एकट्याला माहीत. ती जिन्यात बसली होती, तिथं जाऊन सांगून टाकलं.

"माझा पाय काय काचेचा हाय का रे?"

"दुखेल म्हणून..."

"मग विचारायचं की! आणखी काय काय लपवलंयस?"

तोंडातून निघून गेलं, "मी कॉलेजला जात नाही."

आता तुलाही सांगतो अक्का. सप्टेंबरात प्रॅक्टिकलला एक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू ऊसच तोड." मी त्यांची कॉलर धरली. कॉलेजनं माफीपत्र मागितलं, ते मी दिलं नाही, आणि परत गेलोच नाही. दुसरं वर्ष अर्ध्यावर सुटलं. दुपारी गॅरेजात कामाला जातो. फोनवर "अभ्यास चालू आहे" म्हणायचो ते सगळं खोटं.

पायल जिन्यावरून उठली. मग म्हणाली, "उद्यापासून तूच धरायचा. सरळ. एकदा जरी मागं घेतलास तर तोंड बघणार नाही." पुढचे दोन आठवडे तिनं दोन्ही गोष्टींचा राग एकदमच काढला. पॅड असूनही बरगड्या निळ्या पडल्या. इतकं बरं मला कॉलेजात कधी वाटलं नव्हतं.

काल फेरपरीक्षेत ती पास झाली. नवा पट्टा बांधून सरळ माझ्यासमोर आली, पॅड धरणाऱ्याला आमच्यात वाकून नमस्कार करतात तसा केला, आणि हळूच म्हणाली, "घरी सांगितलंस?"

म्हणून हे पत्र. कॉलेजचं दाजींना सांगितलंस तरी चालेल, पायलचं नको. शनिवारी गावी जातोय. अण्णांना मीच तोंडानं सांगणार. त्यांचा हात उठला तर उठू दे. मी जागचा हलणार नाही, आणि उलटही बोलणार नाही.

तुझा,
पृथ्वीराज