बोटीने आलेल्या साठ गोळ्या

सोमवार, ४ मार्च
सुवाहून आमच्या बेटावर बोट आली. पीठ दहा किलो — एकोणीस डॉलर. साखर पाच — चौदा. रॉकेल — सतरा, लूटच! मीठ — स्वस्तातलं. आमच्या ह्यांच्या गोळ्या, साठ — सरकारी, फुकट. देवाचे आभार.

आमचे हे, अमिनियासी, नाताळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. ना मळा, ना मासे, ना बोलणं. डॉक्टरीणबाई बोटीतून उतरून तपासून गेल्या. म्हणाल्या, "मेंदू म्हणजे दगड नाही, सेरेइमा. नवं शिकलं की त्यात नव्या वाटा पडतात. मन फार दिवस खचलेलं राहिलं की रान माजून त्या बुजतात. गोळी म्हणजे कोयता, रान थोडं मोकळं करते. पण वाट पडते ती पायांनीच. रोज एक गोळी, रोज थोडं नवं काम. सहा आठवडे तरी खंड नको. आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद नाही!"

मी विचारलं, "पायांनीच पडते, तर अर्धी गोळी नाही का पुरणार?" बाईंनी कपाळाला हात लावला.

शुक्रवार, ८ मार्च
नवं काम ठरलं — चटई विणणं! गावात एकाही पुरुषाने आजवर केवड्याच्या पातीला हात लावलेला नाही. म्हणूनच तर नवं.

रविवार, १० मार्च
चर्चच्या गायनात माझा घसा अजून बसलेलाच. नुसते ओठ हलवले. देव समजून घेईल.

बुधवार, १३ मार्च
ह्यांचा मामेभाऊ फिलिमोने — थट्टा करणं त्याचा हक्कच — दारातूनच म्हणाला, "काय सूनबाई, विणकाम चाललंय? मिशी सांभाळा हं, अडकेल पातीत!"
ह्यांनी पाती खाली ठेवली नाही.

शनिवार, १६ मार्च
बाटलीत अठ्ठेचाळीस हव्यात. आहेत एकतीस! तीनदा मोजल्या. मॅट्रिक झालेय मी, हिशेब चुकत नाही.
"फिलिमोनेने मागितल्या," हे म्हणाले. "गुडघा दुखतो त्याचा."
"अहो, पण औषध ते!"
"त्याने मागितल्या ना."
आपल्यात मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, खरंय. पण आता सहा आठवडे जेमतेम निघतील. आणखी दोन गेल्या तर खंड!
संध्याकाळी फिलिमोने आला. "वहिनी, गुडघा तसाच, वर पोट ढवळतंय."
"छान झालं," म्हटलं. देवा, क्षमा कर.

रविवार, १७ मार्च
सापडला उपाय! बाटली चर्चच्या कपाटात नेऊन ठेवली. देवाच्या कपाटातलं कोण मागणार?

सोमवार, १८ मार्च
कपाटाची किल्ली पाळकसाहेबांकडे, आणि त्यांचा आवाज केवढा ते मी विसरलेच होते. सकाळचा नगारा झाला की गर्जना — "अमिनियासी! गोळी!" सगळं गाव दारात. म्हाताऱ्यासुद्धा विचारतात, "घेतली का रे?" लपवायला काही उरलंच नाही.

मंगळवार, २ एप्रिल
चटई हातभर झाली. एक कोपरा गायब.
फिलिमोने म्हणाला, "ही कुणासाठी? एका पायाच्या पाहुण्यासाठी?" — आणि हे हसले! खळखळून! फिलिमोनेचेच डोळे भरले. मग खाली बसून पाती सोलायला लागला. आता दोन सूनबाया.
मीही हसणार होते. चेहरा हललाच नाही. जेवणही मातीसारखं लागतं. मीठच वाईट, म्हटलं ह्यांना. स्वस्तातलं ना.

शनिवार, १३ एप्रिल
हे पहाटे उठून मळ्यात गेले! मी दुपारपर्यंत अंथरुणात. पाठ भरली असेल.

रविवार, १४ एप्रिल
चर्चहून आल्यावर ह्यांनी ती तीनकोनी चटई अंथरली. मला तिच्यावर बसवलं, स्वतः खाली बसले. वडीलधाऱ्यांकडे मागताना वाजवतात तशी ओंजळीची टाळी वाजवली.
"सेरेइमा, एक मागतो. मीठ चांगलं आहे. नाताळपासून तू गायली नाहीस. बाईंना स्वतःसाठी लिही."
मागितल्यावर नाही म्हणता येत नाही.
उद्या बोट. चिठ्ठी आधी इथेच लिहून बघते — बाई, ह्यांच्या गोळ्या पाठवा. आणि माझ्याही वाटा बुजल्यात का, कधी तपासाल, ते परतीच्या टपालाने कळवा.